दिराच्या हातातला आवाज

गोदामामागच्या त्या छोट्या हॉलमध्ये आठवडाभर रोज संध्याकाळी गावातल्याच एकेका बँडचा कार्यक्रम होता. तिची पाळी शनिवारची. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि संध्याकाळी गायची. गाण्याची धास्ती तिला कधी नव्हतीच. धास्ती होती ती मिक्सरवर बसणाऱ्या माणसाची. हॉलचा आवाज तिच्या दिराच्या हातात होता.

आता त्याला दीर म्हणायचं की नाही, हाही प्रश्नच. एकेकाळी बँड घरचाच होता. नवरा ड्रम वाजवायचा आणि चाली बांधायचा, ती गायची, दीर आवाज सांभाळायचा. ती नवऱ्याला सोडून निघाली आणि सगळंच कोलमडलं. नवऱ्याने ड्रम विकून टाइल्सचं दुकान टाकलं. "हिने आमच्या दादाचे हात तोडले," असं दीर चारचौघांत सांगत फिरायचा. दादाने तालमीत तिच्या तोंडावर ड्रमची काठी भिरकावली, तेव्हा हाच दीर शेजारी बसून गुपचूप वायरी गुंडाळत होता. ते मात्र त्याच्या सांगण्यात कधी यायचं नाही.

मंगळवारी ती नुसती ऐकायला गेली. दीर दारातच आडवा आला.

"हॉल भरलाय, मॅडम."

त्याच्या खांद्यावरून आतल्या रिकाम्या खुर्च्या स्पष्ट दिसत होत्या.

"मॅडम काय रे? वहिनी म्हणताना जीभ झिजते का?"

"वहिनी होती एक. गेली."

"मग गेलेल्या बाईला अडवतोस कशाला? सरक बाजूला."

ती आत जाऊन बसली. त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन माउथ ऑर्गन वाजवत होता. त्याची फुंकर कापत होती, पण एकेक सूर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता. दिराला कान होता, हे तिला मान्य करावंच लागलं. त्याचाच तिला जास्त राग आला.

शनिवारी दुपारी तिने आपल्या माणसांबरोबर सगळं तपासून घेतलं. आवाज उत्तम. दीर वर न बघता म्हणाला, "ठीक?" ती म्हणाली, "ठीक." तिचा गिटारवाला, ज्याला सगळे मास्तर म्हणायचे, तिच्या कानाशी पुटपुटला, "एवढा गोड वागतोय, मला काही बरं दिसत नाही."

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला पायाशी ठेवलेला स्पीकर गप्प झाला. त्यातूनच तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा. आता नुसता गिटारचा गोंगाट कानावर आदळत होता. सूर लागतोय की घसरतोय, काही कळेना. समोरही तिचा आवाज जेमतेमच पोचत असावा; लोक आधी पुढे वाकले, मग एकमेकांकडे वळून बोलायला लागले. कोणीतरी ओरडलं, "बाई, तोंड उघडा की!" लोक हसले.

गाणं कसंबसं संपवून ती माइकवर म्हणाली, "मिक्सर, माझा आवाज कुठं गेला?"

"होता तेवढाच आहे," दीर मागून मोठ्याने म्हणाला. परत हशा.

ती स्टेजवरून उतरली आणि सरळ मिक्सरपाशी गेली. हॉलची मालकीण आधीच तिथं येऊन उभी होती.

"हे बघा, तुमच्या घरचं धुणं माझ्या हॉलमध्ये नको," मालकीण म्हणाली. "गायचं तर गा, नाहीतर मी दिवे लावते आणि लोकांना घरी पाठवते."

"याला विचारा ना, काय केलंय ते."

"मी काही केलेलं नाही," दीर म्हणाला. "गाता येत नसलं की मिक्सर वाकडा." मग खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, "माझ्या भावाला गप्प केलंस ना? आता तू गप्प हो."

तेवढ्यात भिंतीलगतच्या खुर्चीतून एक माणूस उठून आला. तो आला आहे हे तिला माहीतच नव्हतं. दिरालाही नव्हतं, हे त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून कळलं.

"ऊठ," तिचा आधीचा नवरा म्हणाला.

"दादा, अरे मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? ती गातेय ती चाल माझी आहे, गाढवा. तिचा चिखल केलास. ऊठ म्हणतो ना!"

दीर हलेना, तेव्हा दादाने त्याला बखोटीला धरून उठवलं, खुर्ची ओढली आणि बटणांवरून हात फिरवला. पुढच्या क्षणी स्टेजवर मास्तरांचा खोकलासुद्धा खणखणीत ऐकू आला. दीर सगळ्या हॉलकडे एकदा बघून बाहेर निघून गेला. दार त्याने असं आपटलं की मालकीण दचकली.

ती परत माइकपाशी उभी राहिली.

"ही चाल त्या माणसाची आहे, तिथं बसलाय तो," ती म्हणाली. "माणूस कसा आहे ते मला विचारू नका. चाल चांगली आहे."

तेच गाणं ती पुन्हा गायली. तिच्या गाण्यात माया नव्हती. शब्द ती समोरच्याच्या तोंडावर फेकावेत तसे फेकत होती, आणि तेच त्या चालीला शोभलं. लोक शेवटपर्यंत हलले नाहीत.

ती सामान आवरत असताना आधीचा नवरा स्टेजपाशी आला.

"तुझ्यासाठी नाही केलं."

"माहीत आहे."

"कडव्यात तू अजूनही पुढे पळतेस."

"आणि तू अजूनही मागून हाकतोस. आभार मानायचे होते, पण आता नाही मानत."

तो काहीतरी बोलणार होता. मास्तर गिटारची पेटी उचलून मधे येऊन उभे राहिले, तसा तो वळला.

रविवारी शेवटचा कार्यक्रम. मिक्सरवर बसायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून मालकिणीने दिरालाच परत बोलावलं. तो आला, पण दादाशी त्याने बोलणं टाकलं ते टाकलंच. दुपारी आधीच्या सासूचा फोन आला होता. "लावून दिलीस ना दोघा भावांत?"

"आई, मी फक्त गात होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती हॉलमध्ये गेली आणि मिक्सरच्या अगदी समोरची खुर्ची ओढून, स्टेजकडे पाठ करून, दिराकडे तोंड करून बसली. त्याने एकदा नजर वर केली, मग झटकन बटणांवर नेली. कार्यक्रमभर तो तिच्याकडे बघू शकला नाही. आवाज मात्र त्या दिवशी अप्रतिम होता.