काठीवरचा भार

"हिला घराबाहेर ठेवा गं कुणीतरी! हिच्याकडे बघितलं की माझी छातीच धडधडते," तालीता आत्या पुटपुटली.

मित्रांनो, 'ही' म्हणजे मी. सामोआतल्या एका गावच्या वक्त्याच्या घराण्यातली मी एक जुनी काठी आहे. आमच्याकडे वक्ता गावच्या मैदानात अनवाणी उभा राहतो आणि काठी टेकून बोलतो. तेव्हाच्या वक्त्याने, म्हाताऱ्या तौवागाने, मला कठीण लाकडातून तासलं, खोबरेल चोळून गुळगुळीत केलं. त्याचा हात माझ्यावर अगदी हलका असायचा.

एका सकाळी मात्र त्याचा सगळा भार माझ्यावर आला. पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. माशी बसली तरी जीव जायचा. लोक म्हणाले, "काय ऐटीत टेकलाय!" वक्त्याने टेकायचंच असतं, त्यामुळे लंगडणं कुणाला दिसलंच नाही. त्याची वाहवा झाली आणि वाहवा ऐकून मीही फुगले. दोन वर्षांनी तो न्याहारीला बसल्या जागी छाती धरून गेला.

मग त्याचा मुलगा पेलेनाटो. आधी हलका हात, मग भार, मग तशीच छाती.

"काठीत भूत आहे," गाव कुजबुजलं. "आधी पाय धरतं, मग काळीज." मला छपराच्या वाशात खोचून ठेवलं. कुणी तेल लावेना. तिथे पडल्या पडल्या त्या दोघांचे घामेजलेले तळवे मला मुठीवर जाणवत. खरंच मीच तर नाही ना त्यांना नेलं, असं मलाही वाटू लागलं.

आता पेलेनाटोचा मुलगा लाफाएले वक्ता होणार होता. मला वाशातून काढून घरामागे तो भाषण घोकू लागला, आणि तिसऱ्याच दिवशी तोच भार माझ्यावर आला. मागे एकदा त्याचाही अंगठा सुजला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने त्याला रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. सूज उतरताच त्याने त्या सोडल्या होत्या.

रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला बसले. आत्या म्हणाली, "पाद्रीबाबांना बोलवा आणि ही समुद्रात टाका."

"आत्या, भूत उपाशी असेल गं," लाफाएले हसला. "माझ्या वाट्याचं डुकराचं मांस घाल त्याला."

सगळे हसले. त्याची आई सिएनी हसली नाही. ती उठली आणि तिने मला हातात घेतलं. बाईच्या हातात मी पहिल्यांदाच आले.

मित्रांनो, काठीला तेल नाही मिळालं तरी चालतं. पण कुणी तुमच्यावर जास्त भार टाकू लागलं, तर काय दुखतंय ते त्याला विचारा. मला तोंड नव्हतं. सिएनीला होतं.

"वहिनी, खाली ठेव ती!" आत्या ओरडली.

"हिच्यात काही नाही, तालीता. जे आहे ते यांच्या रक्तात आहे. युरिक ॲसिड. त्यानेच अंगठा सुजतो. या घराण्याची मूत्रपिंडं ते पुरतं बाहेर टाकत नाहीत. ते वाढलेलं असलं की हृदयालाही धोका असू शकतो, छातीही तपासून घ्या, असं नर्सने तुझ्या भावाच्या वेळीच सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं होतं?" लाफाएलेने विचारलं.

सिएनीचा सगळा भार माझ्यावर आला.

"मला, बाळा. वक्त्याचा पाय दुखतो हे बायकोने चारचौघांत कसं बोलायचं, म्हणून मी गप्प बसले."