सिल्वानोकाकांची बारोलो

आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. पण हे एका इटालियन म्हाताऱ्याला शिकवायचं आपलं काय नडलं होतं, असं लीनाला पुढे फार वाटलं.

अॅडलेडला युनीत, म्हणजे विद्यापीठात, असताना दोन वर्षं ती मॉसन लेक्सजवळ सिल्वानोकाकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली. काका एकटेच. बायको गेलेली, मूलबाळ नाही. उत्तर इटलीतल्या लांगेच्या टेकड्या सोडून साठ वर्षं झाली, तरी बोलायला बसले की गाडी तिकडेच वळायची. तिथे म्हणे द्राक्षं तोडायच्या दिवसांत धुकं असं दाटतं की शेजारच्या ओळीतला माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्या धुक्यावरूनच द्राक्षाला नेब्बिओलो म्हणतात, आणि त्याची वाइन ती बारोलो. कोवळी असताना तोंड तुरट करून टाकते. वय झालं की तिला गुलाबाचा आणि जरासा डांबराचा वास येतो. काका एकदाच गावी जाऊन आले होते, तेव्हा आणलेली अठ्ठ्याहत्तर सालची एक बाटली तळघरात आडवी पडून होती.

२०२०च्या जानेवारीत लीनाला सिडनीला नोकरी लागली. टॅक्सीत बसताना ती सवयीने बोलून गेली, “येते हं, काका.” त्यांनी अर्थ विचारला. हिने सांगितला, वर शहाणपणा केला, की ‘जाते’ म्हटलेलं माणूस परत येत नाही. काका गंभीर झाले. म्हणाले, “मग ठरलं. बाटली तू आल्यावर. बारोलो एकट्याने प्यायची नसते.”

आणि मग कोविड. दोन राज्यांमधली बॉर्डर बंद झाली, उघडली, परत बंद झाली. २०२१च्या ऑगस्टात लीना सिडनीत गिरावीनच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे अडकलेली, आणि तिकडे काकांना चार पावलं टाकली की दम लागायचा. हे आपली वाट बघत बघत जाणार, ही एकच धास्ती तिला होती. दर रविवारी दुपारी ती फोन करायची. एका रविवारी ते म्हणाले, “काल आलीस, बरं वाटलं. पण बोलत का नव्हतीस?”

लीनाने ते हसण्यावारी नेलं. वय झालं, चालायचंच. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, “कपाळावर लागलं कशाने गं?” शुक्रवारी तिला कपाटाचं दार लागलं होतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचा युनीतला मित्र प्रताप काकांच्या समोरच राहायचा, त्यांचं सामान दारात ठेवून यायचा. तिने काही विचारायच्या आत त्याचाच मेसेज आला: ‘मेट, आलीस आणि सांगितलंही नाहीस? काकांच्या खिडकीत बसली होतीस. हात केला तर नुसती बघत राहिलीस.’

लीनाने मेसेज दोनदा वाचला. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. दीड वर्ष प्रत्येक फोन ठेवताना ती मनापासून ‘येते’ म्हणत आली होती. आपण इथेच राहिलो आणि तो शब्द एकटाच पुढे गेला, असं तिला वाटायला लागलं.

तिने लगेच फोन लावला. काका खुशीत होते. गाळ खाली बसावा म्हणून बाटली दोन दिवस उभी करून ठेवली होती. आता बूच काढलं होतं, दोन ग्लास पुसून मांडले होते.

“काका, ऐका माझं. दार उघडू नका,” लीना म्हणाली. “जे कुणी येतंय ना, ती मी नाही. आईशप्पथ नाही. मी प्रतापला पाठवते. बॉर्डर उघडली की पहिल्या फ्लाइटने मी ये...” तिने जीभ चावली.

पलीकडे दारावर टकटक झाली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“ती तू नाहीस, हे मला माहीत आहे गं,” काका म्हणाले, समजूत घालावी तसे, अगदी सावकाश. “पण ती येते.”