रजईत कापूस किती

बॉयलर तपासनीस म्हणून पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी वाचनालयातल्या व्याख्यानासाठी एकेचाळीस आलेख तयार केले होते. ग्रंथपाल बाईंची अट साधी होती: शेवटी श्रोत्यांपैकी एकाने तरी हवामानबदल स्वतःच्या शब्दांत सांगायचा, नाही जमले, तर पुढच्या महिन्याचे व्याख्यान रद्द. पुढच्या महिन्यासाठी आणखी अडुसष्ट आलेख कपाटात वाट पाहत होते.

श्रोते अकरा. पहिल्या रांगेत सलूनवाले. शेवटच्या रांगेत गृहस्थांची थोरली बहीण. तिने जन्मभर रजया शिवल्या होत्या आणि दुसऱ्याच आलेखाला डोळे मिटले होते.

सव्विसाव्या आलेखाला सलूनवाल्यांनी हात वर केला.

"हे हरितगृह वायू वाढले तर बरंच की. हरित म्हणजे हिरवं."

"हरितगृह म्हणजे रोपांसाठीचं काचेचं घर."

"मग काचगृह म्हणा ना. आणि तुम्हीच सांगितलंत, दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम सव्वाचारशे. याहून जास्त केस माझ्या चहात पडतात."

सगळे हसले. गृहस्थांनी फळ्यावर उष्णता-विकिरणाचे समीकरण मांडले. हसणे थांबून जांभया सुरू झाल्या. ग्रंथपाल बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

"बाळ्या," मागून आवाज आला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारणारे जगात आता एकच माणूस उरले होते. "रजई स्वतः गरम असते का रे?"

"नाही, ताई. ती फक्त अंगाची उष्णता..."

"अडवते. तेच म्हणते मी. ऐंशी किलोच्या माणसाला दोन किलो कापूस पुरतो, तेव्हा थोडं म्हणून हसू नका. जमीन उन्हानं तापते आणि ती ऊब वर सोडते. वर या वायूंची बेताची रजई होती, म्हणून आजवर गारठलो नाही. आता कोळसा, तेल जाळून आपण रोज तिच्यात मूठभर कापूस कोंबतोय. उसवून काढणार कोण?"

सलूनवाल्यांनी मानेवरून रुमाल फिरवला. "म्हणजे आधी कोंबणं थांबवायला हवं."

अट पुरी झाल्याचे ग्रंथपाल बाईंनी वहीत टिपले आणि पुढच्या महिन्याचे व्याख्यान जाहीर केले. वक्त्या: ताई.

गृहस्थ अडुसष्ट आलेख आठवत उभे राहिले. "आणि मी?"

"तू रजई धर," ताई म्हणाली. "दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच."