साइडपट्टीवरची मका

मी केशर, तोंडाची फटकळ. गावाला ठाव हाय. वैजनाथ भाऊजी सरपंच असले तरी भर ग्रामसभेत त्यांना इचारलं, "तुमची पोरं गाडीत बसून शाळंत जात्यात. आमच्या पोरींनी उसाच्या ट्रॉल्यांखाली जायचं व्हय?"

आमची ज्ञानेश्वरी नववीत. हायस्कूल तीन किलोमीटरवर, सायकलीनं जाती. कारखाना सुरू झाला का दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं सुटत्यात. गानी इतक्या मोठ्यानं, की मागं कोन मेलं तरी ड्रायव्हरला कळायचं न्हाई. कडंला पाय ठिवायला जागा न्हाई. आमच्या मालकांनी, पोरीच्या बानं, सांगूनच टाकलं हुतं, "रस्ता नीट झाला न्हाई तर पोरगी घरी बसंल." घरी बसली म्हंजी पुढं काय, ते मला कोनी सांगायला नको. मी सातवीतनं घरी बसले आनि पुढच्या साली माझं लगीन लागलं.

म्हनून भांडले. दोन वर्षं भांडले. हापिसात चकरा मारल्या, पोरींना घिऊन रस्त्यावर बसले. बाया म्हनायच्या, हिला घरी काम न्हाई. गेल्या खड्ड्यात! शेवटी झाली साइडपट्टी. मुरूम दाबून डांबर टाकलं, पांढरा पट्टा मारला, शाळंपुढं गतिरोधक केला. पहिल्या दिवशी पोरी रांगेनं सायकली हानीत गेल्या, तवा मी बांधावर उभी राहून रडले. खोटं कशाला बोलू?

मग मका निघाली. आमच्याकडं रीतच हाय, डांबरावर मका दोन दिसांत कडक वाळती, अंगनात आठ दिस जात्यात. ज्यानं त्यानं साइडपट्टीवर पसरली आनि गाडीनं तुडवू नये म्हनून भोवती दगड लावले. मीबी घातली. म्हनलं, चार हात तर जागा, पोरी वळसा घालून जातील. वाळल्यावर पोत्यात भरून नेली. दगड कोन उचलतंय? राहिले तिथंच.

मंगळवारी सकाळी पोरी वरडत आल्या. ज्ञानेश्वरीची सायकल दगडावर गेली, ती पट्ट्याच्या आत, मधल्या रस्त्यावर फेकली गेली, आनि मागून ट्रॅक्टर! ड्रायव्हरनं दोन हातांवर थांबवला. पोरीचा हात मोडला, जीव वाचला.

प्लास्टर घालून पोरीला घरी निजवली आनि तशीच रस्त्यावर गेले. "कोन्या मुडद्यानं ठिवला ह्यो दगड? बाहेर निघा! आग लागो तुमच्या मक्याला! दोन वर्षं माझ्या चपला झिजल्या आनि तुमी त्या पट्टीचं खळं केलं?" सारी वस्ती गोळा झाली. मला आनखीच चेव आला.

शेजारची म्हातारी छबूबाई हळूच म्हनली, "केशर, आधी दगड पालथा कर."

केला. खालचं अंग काळं मिच्च. माझ्या जुन्या चुलीचा दगड. ग्यास आल्यावर परसात टाकला हुता. ह्याच हातांनी उचलून रस्त्यावर आनला हुता.

तोंडातली शिवी तोंडात राहिली. वैजनाथ भाऊजी खाली बघत हुते. हसले असते तर बरं झालं असतं. "माझाच हाय," मी म्हनले.

घरी आले तर मालकांनी सायकल माळ्यावर टाकलेली. "शाळा बंद. लई झाली."

ज्ञानेश्वरी माझ्याकडं बघून बारीक आवाजात म्हनली, "आई, पडल्या पडल्याच आपला दगड वळखला हुता मी. कोनाला सांगितलं न्हाई."

असली चीड मला जल्मात आली न्हाई, आनि ती सारी माझीच मला.

"सायकल खाली काढा," मी मालकांना म्हनले.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय! दगड माझा हाय न्हवं? मग शाळा तिची का बंद? बंदच करायचं तर माझी भाकर बंद करा, माझं बाहेर जानं बंद करा. तिच्या पुस्तकाला हात लावायचा न्हाई."

मालक उठून बाहेर गेले. सायकल काढली न्हाई.

सकाळी तिचं दप्तर मी खांद्याला अडकवलं आनि दोघी पायी निघालो. वैजनाथ भाऊजींच्या दारापुढं साइडपट्टीवर त्यांची मका पसरलेली, भोवती दगड. मी वरडले न्हाई. वरडायला तोंडच राहिलं नव्हतं. दप्तर पोरीच्या चांगल्या हातात दिलं, पदर खोचला आनि पहिला दगड उचलला.