स्कॅनमध्ये न दिसलेलं

हेमाली कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. औषधांच्या कंपनीत केमिस्ट असलेला तिचा धाकटा भाऊ अनुज तिला चिडवायचा, "ताई, आमच्या गोळीने ताप उतरतो. तुमच्या चर्चेने काय उतरतं? लोक उगाच नाही विज्ञानावर विश्वास ठेवत."

मग त्यांच्या आईच्या, यशोदाबाईंच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. केमो घेतली तर कदाचित वर्षभर मिळेल, पण त्रास फार होईल. नाही घेतली तर काही महिनेच.

"लगेच सुरू करा," अनुज म्हणाला.

"आईला विचारलंस?"

"तिला आजाराचं नावही सांगायचं नाही. खचेल ती. आणि ताई, इथे तत्त्वज्ञान नको. स्कॅनमध्ये सगळं स्वच्छ दिसतंय."

"गाठ दिसतेय. ती मी मानते, डॉक्टरांचं म्हणणंही मानते. पण एवढं सोसून ते वर्ष तिला हवंय का, हे स्कॅनमध्ये कुठे दिसतं? दाखव मला."

अनुज मानला नाही. हेमालीने त्याच्या होकाराची वाट पाहिली नाही. सांडोरला, गावातल्या घरी आल्यावर केळीच्या बागेत आईला खुर्ची टाकून दिली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. आई नको म्हणेल, याची तिला खात्री होती. अनुजशी भांडायची तयारीही तिने मनात करून ठेवली होती.

यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घेते मी औषध. जन्मभर दुसऱ्यांसाठी सोसलं. हे माझ्यासाठी सोसेन. पण मी बस म्हटलं की थांबवायचं."

तेवढ्यात मागे येऊन उभा राहिलेला अनुज उसळून म्हणाला, "बघ! मी तेच म्हणत होतो!"

हेमालीचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "माझा अंदाज चुकला. तुझा बरोबर ठरला. पण तोही अंदाजच होता, अनुज. विचारलं नसतं तर दोघांनाही कळलं नसतं. मी हेच शिकवते, आणि शिकवत राहणार."

पुढच्या खेपेला डॉक्टर सवयीप्रमाणे अनुजकडे बघून बोलू लागले. यशोदाबाईंनी टेबलावर टकटक केलं.

"डॉक्टर, इकडे बघा. पोट माझं आहे. मला सांगा."

अनुज खुर्ची मागे सरकवून उठला आणि त्याने आईला पुढे बसवलं.