हिवरतळ्याचं टोकन

हिवरतळा स्टेशनच्या बोर्डाची सावली ज्याच्यावर पडून राहते त्याचंच स्टेशन होतं, हे शेजारच्या ठोंबरेकाकूंनी मला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पोरीले तिथं निजवू नोको बाई," त्या म्हणाल्या होत्या. मी हसले होते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. सावली म्हणजे उजेड न पोचलेली जागा, एवढंच मला माहीत होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी, मी धुणं वाळत घालून वळेपर्यंत, बोर्डाखाली गोधडीवर निजलेली माझी तान्ही केतकी स्टेशन झाली.

मी आधी तिचा श्वास पाहिला. कुठल्याही गोष्टीत मी आधी श्वास बघते. तो नीट चालू होता. मग झबलं वर केलं. पाठीवर पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'हिवरतळा' लिहिलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. मी तिला उचलायला गेले. गोधडी उचलली गेली, केतकी नाही. स्टेशन उचलता येत नाही, ते बरोबरच होतं.

इथली छोटी लाईन माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी बंद पडली. रूळ गेले, गाडी गेली. स्टेशनची इमारत रिकामी होती, ती आम्ही भाड्याने घेतली. अंगणात पिवळा बोर्ड राहिला, एका हाताचा सिग्नल राहिला, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. आतल्या भिंतीवर रंगवलेली एक ओळ होती: 'टोकन हाती आल्याशिवाय गाडी हलवू नये.' माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, तिच्यावर दोनदा डिस्टेंपर मारला, तरी ती वर यायचीच. केतकीला पाजताना मी रोज ती वाचायची.

ठोंबरेकाकू कुंपणाशी आल्या.

"झाली ना?"

"झाली."

"म्या सांगतलं होतं."

"आता काय करायचं, काकू?"

"आता काय, गाडी येईन. स्टेशन हाय म्हटल्यावर गाडी यायची राहते का?"

तेवढ्यात सिग्नलचा हात करकरत खाली आला. "सिग्नल पडला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

मी केतकीची दुधाची बाटली आणायला आत गेले. घर लांब झालं होतं. हॉल संपता संपेना, त्याच्या एका बाजूची भिंत गेली होती आणि तिथे फलाटाची दगडी कड आली होती. स्वयंपाकघर दूर दिसत होतं. ओट्यावर कुकरशेजारी लोखंडाचं एक लाल यंत्र बसलं होतं, आणि कॅलेंडरच्या जागी हँडल फिरवायचा फोन. मी बाटली घेतली आणि परत चालत निघाले. पोचेपर्यंत दूध गार झालं होतं.

गाडी आली ती पुढे रूळ टाकत आणि मागचे उचलत आली. इंजिन आमच्या फ्रीजपेक्षा थोडंसंच उंच होतं. मागच्या उघड्या डब्यांमध्ये स्टेशनं भरलेली होती: बाकं, कंदील, एक अख्खी विहीर, कावळ्यांसकट एक कडुनिंब. एका डब्यात एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. त्यांच्या पाठीवर 'खैरमाळ' लिहिलेलं होतं.

मुकादम खाली उतरला. "राहिलेली स्टेशनं उचलायचीत," तो म्हणाला. "बंद लाईनीवर काही ठेवायचं नाही, असा हुकूम आहे."

"ही माझी मुलगी आहे."

त्याने झबल्याखाली डोकावून पाहिलं. "हिवरतळा," त्याने वाचलं. "हेच."

त्याच्या माणसांनी आधी घंटा काढली. घंटा डब्यात पडली तशी घराची एक भिंत आत सरकली. मग सिग्नल. दुसरी भिंत आली. मग बोर्ड, आणि छत माझ्या वेणीला टेकलं. शेवटी सगळ्यांनी मिळून गोधडीचे काठ धरले. त्यांना ती उचलता आली. त्यांचं कामच ते होतं. केतकी जागी झाली आणि त्यांच्याकडे बघून हसली. नवी माणसं दिसली की ती हसते. मला याचीच नेहमी भीती वाटते.

त्यांनी तिला खैरमाळच्या शेजारी ठेवलं.

"आजोबा, तुम्हाला कसं काय नेलं?" मी विचारलं.

"मी टोकन दिलं आणि चढलो," ते म्हणाले. "थांब म्हणायला कोणी नव्हतं."

आता भिंती माझ्या कोपरांना लागत होत्या. नाकासमोर ती रंगवलेली ओळ होती. मी ती पुन्हा एकदा वाचली, मग आडवी होऊन भिंतींमधून निघाले आणि थेट इंजिनापाशी गेले.

"ड्रायव्हरसाहेब, टोकन मिळालं?"

"नाही अजून. ते स्टेशनाने द्यायचं असतं."

"स्टेशन कुठाय?"

त्याने मागे वळून पाहिलं. तोंडातली बिडी काढली. "डब्यात."

"मग देणार कोण?"

"मुकादम!" तो ओरडला. "आधी टोकन, मग स्टेशन! किती वेळा सांगायचं? उतरवा खाली!"

"उतरवतो, टोकन घ्या, परत चढवतो," मुकादम म्हणाला.

"टोकन हातात आल्यावर उभं राहिलेलं चालतं का हो?" मी ड्रायव्हरला विचारलं.

त्याने डब्यातल्या आजोबांकडे पाहिलं. "खैरमाळला राहिलो होतो उभा."

"चालतं का, ते विचारतेय."

"नाही चालत," तो म्हणाला, आणि टोपी सरळ केली. "चालत्या गाडीतच घेईन मी."

"लय चोंबडी हाय तुमची बाई," मुकादम काकूंना म्हणाला.

"शिकलेली हाय," काकू म्हणाल्या.

केतकीला फलाटावर ठेवलं. मी पुन्हा आडवी होऊन ओट्यापाशी गेले आणि फोनचं हँडल फिरवलं. पुढचं स्टेशन हो म्हटल्याशिवाय लाल यंत्र गोळा सोडत नाही, आणि गोळा म्हणजेच टोकन, गाडी पुढे न्यायची परवानगी.

"सोनपांढरी," एक बाई म्हणाली. माझ्याच वयाची असेल.

"हिवरतळा. लाईन क्लिअर आहे का?"

"आहे. पण जरा हळू बोला हो, बाळ आत्ताच झोपलंय."

"माझी आत्ताच उठली."

"दात येतायत का?"

"वरचे."

"मग संपलंच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. "पाठवा गाडी."

यंत्रातून गोळा घरंगळत बाहेर आला. मी तो चामड्याच्या थैलीत घातला. थैलीला वेताचं मोठं कडं होतं. ते कडं मी केतकीच्या मुठीत दिलं. मग मला आठवलं की केतकी धरलेलं सोडत नाही. माझे केस, प्रफुल्लचा चष्मा, काकूंचं मंगळसूत्र. ड्रायव्हरने कडं ओढलं आणि तिने सोडलं नाही, तर ती त्याच्याबरोबर जाणार.

इंजिनाने शिट्टी दिली. गाडी हलली. ड्रायव्हर अर्धा बाहेर वाकला, हात कोपरात दुमडून पुढे धरलेला, केतकीच्या बराच वर.

मी खाली वाकले आणि मुलीला उचललं. फलाट, दगडी कड, सगळ्यासकट ते वजन माझ्या कमरेत आलं आणि मी ते उचललं. खांद्यापर्यंत. मग डोक्याच्या वर. "बाई, उचललं की वं!" काकू ओरडल्या. मुकादमाची माणसं धावत्या डब्यांत उभी राहिली.

"केतकी," मी म्हणाले, "काकांना दे."

ड्रायव्हरचा हात कड्यातून गेला. कडं ताणलं गेलं. एक क्षण ती तिन्ही एका रेषेत होती: त्याचा हात, कडं, तिची मूठ. मग तिने ती मूठ उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी स्वतःहून सोडलं.

डबे धडधडत गेले. खैरमाळचे आजोबा टाळ्या वाजवत होते. भिंती मागे सरकल्या, छत वर गेलं, कॅलेंडर फोनच्या बाजूला परत लटकलं. केतकी माझ्या हातांत होती, नेहमीइतकी जड. मी झबलं वर केलं. पाठीवर फक्त घामोळं होतं. काकूंनी माझ्याच डब्यातली साखर आणून माझ्या तोंडात कोंबली आणि रस्त्यावर जाऊन सगळ्या आळीला हाक मारली. बायका पिठाच्या हातांनी आल्या. मी केतकीला पुन्हा पुन्हा वर उचलून दाखवली. तिला उचलता येतं, हे मला सगळ्यांनी पाहायला हवं होतं.

तेव्हा फोन वाजला.

"गाडी दिसायला लागली," सोनपांढरीची बाई कुजबुजत म्हणाली. "पण इथे घर एवढं लांब का झालंय?"

"बाळ कुठे झोपलंय?"

"अंगणात."

"ऐका. त्यांना आधी चढवू देऊ नका. टोकन बाळाच्या…"

गाडीचा शेवटचा डबा जाताना फोनची तार गुंडाळत गेला होता. ती आता ताणली गेली. फोन भिंतीतून निसटला, माझ्या हातातून सुटला, आणि अंगणातून उड्या मारत गाडीच्या मागे निघून गेला.

सोनपांढरीला माझं कोणी नाही. तुमचं कोणी त्या बाजूला असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर आत्ता जा. दार वाजवत बसू नका. सरळ अंगणात शिरा आणि त्या बाईला तिचं बाळ उचलता येतंय का, तेवढं बघा.