फुकटचा गडी

सोमवारी सकाळी आठला रेडिओवर खेळांच्या गप्पांचा कार्यक्रम लागायचा, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी बर्नाडीन व्होइटाक फोन लावायची. आता तिने आपलं नाव सांगायचीही गरज उरली नव्हती.

"फुटबॉल म्हणता याला?" ती सुरू व्हायची. "पोरगा बॉल काखेत मारून रेषेपार जातो, सत्तर हजार माणसं नाचतात, आणि मग पंच म्हणतो, थांबा, आधी टीव्हीत बघून येतो! अहो, डोळे कशाला दिलेत? पाच मिनिटं बघतो. तेवढ्यात आम्हाला ट्रकच्या जाहिराती. आणि बास्केटबॉलचं तर नावच काढू नका. चार पावलं बॉल न आपटता चालतात, कोणी हटकत नाही. धडधाकट सहा-सात फुटी गडी मंगळवारी खेळला म्हणून बुधवारी विश्रांती घेतो. मी टोमॅटोच्या डब्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभी होते. विश्रांती घेते म्हटलं असतं, तर फोरमनने कायमची दिली असती!"

रेडिओवाले हसायचे. बर्नाडीन हसत नसे. तिचं शिक्षण आठवीत सुटलेलं. पण आपल्याला कळतं ते कळतं, याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

बेसबॉलबद्दल मात्र ती रेडिओवर बोलत नसे. बेसबॉलचं ती लिहायची.

धावांची वही तिच्या नवऱ्याने, लेनर्डने, लग्नाच्या वर्षी सुरू केली. गावच्या मैदानावरचा प्रत्येक सामना, प्रत्येक खेळाडूची एक चौकट, चौकटीत काय घडलं त्याची खूण. लेनर्ड गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सामना होता. बर्नाडीनने त्याची पेन्सिल उचलली आणि त्याच्या शेजारच्या, आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याची खुर्ची रिकामी ठेवली. अशा शेहेचाळीस वह्या झाल्या होत्या.

आणि मग तो नियम आला. नऊ डावांत बरोबरी झाली, की दहाव्यात प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, एक गडी आयता उभा करून द्यायचा. का? तर लोकांना घरी जायला उशीर होतो म्हणून.

"त्याने मारलं काय?" बर्नाडीनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारणीला विचारलं होतं. "नाही. चालत गेला? नाही. मग तिथं उगवला कुठून?" त्या दिवसापासून असा गडी ती वहीत घेत नसे. त्याची चौकट कोरी. तो शेवटच्या बेसवर, म्हणजे ‘घरी’, पोचला तरी धाव कोरी. गेल्या सहा वर्षांत तिच्या वहीत असे बरेच सामने होते जे संपलेच नव्हते.

सप्टेंबरात क्लबकडून कॉल्टन नावाचा माणूस आला. गुळगुळीत दाढी, पांढरे बूट. स्वयंपाकघरात बसून त्याने दोन पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या, तिसरीही खाल्ली, आणि म्हणाला, "मिसेस व्होइटाक, मैदानाच्या तीन नंबरच्या दारापाशी आम्ही काचेचं कपाट लावतोय. त्यात तुमच्या वह्या ठेवू. वर पितळी पाटी, लेनर्ड व्होइटाक यांच्या नावाची. आणि उद्घाटनाच्या दिवशी सामन्याचा मानाचा पहिला बॉल तुम्ही टाकायचा."

बर्नाडीनने ओट्याला हात टेकला. लेनर्डने त्या मैदानासाठी लागणारं पोलाद भट्टीतून ओतलं होतं. त्याचं नाव कुठल्याच खांबावर नव्हतं. हे एक तिला आयुष्यभर सलत होतं.

"फक्त एक बारीकशी गोष्ट," कॉल्टन म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी आपण अजिंक्यपदाचा झेंडा जिंकला, त्या सामन्याचं पान उघडं ठेवायचंय. पण तुमच्या वहीत तो चार-चार आहे."

"कारण तो चार-चार आहे."

"आपण दहाव्या डावात जिंकलो, मॅडम. मी तिथं होतो."

"मी पण होते. तुम्ही उड्या मारत होता, मी बघत होते."

"एक चौकट भरायची फक्त. लोक म्हणतील, वही चुकीची आहे."

"मग लोकांना म्हणावं, झेंडा चुकीचा आहे. वही हवी तर अशी न्या, नाहीतर पिरोगी खाल्ल्यात तेवढ्यावर समाधान माना."

बर्नाडीनची मुलगी मार्लिन दारात उभी होती. वय त्रेचाळीस, दंतवैद्याकडे कामाला, आईच्या तोंडापुढे आयुष्यभर गप्प. ती कॉल्टनला गाडीपर्यंत सोडायला गेली. परत आली आणि म्हणाली, "मा, झालं. ते तयार आहेत. वह्या मी शुक्रवारी पोचवते."

"तयार कसे नसतील," बर्नाडीन म्हणाली.

रविवारी दुपारी मायलेकी मैदानावर. बर्नाडीनने ईस्टरचा निळा कोट घातला होता, केसांत नेहमीसारखी पेन्सिल खोचलेली. मोसमातला शेवटचा सामना होता. तीन नंबरच्या दारापाशी कपाट झळकत होतं. ती आधी पाटीजवळ गेली, बोटाने एकेक अक्षर चाचपलं. मग खाली पाहिलं.

उघडं पान. तिच्या बारीक करड्या खुणा, आणि दहाव्या डावात एक चौकट भरलेली. निळ्या शाईने. पेनाने!

वही लिहिणाऱ्या माणसाच्या हाती कधी पेन नसतं. खेळात माणूस चुकतो, खोडतो, पुन्हा लिहितो. पेनाने फक्त तो लिहितो ज्याने कधी लिहिलेलं नाही. बर्नाडीनने मान वळवली. मार्लिनचे कान लाल झाले होते.

"बाबांसाठी केलं, मा. एका चौकटीपायी त्यांचं नाव जाणार होतं."

"तुझ्या बाबांनी कारखान्यातून चाळीस वर्षांत एक खिळा घरी आणला नाही. आणि तू त्यांना चोरीची धाव दिलीस? त्यांच्याच नावाखाली?"

"मिसेस व्होइटाक," कॉल्टन धावत आला, "मैदानात बोलावतायत, पहिला बॉल..."

"कपाट उघडा."

"आत्ता?"

"आत्ता. खेळाला घड्याळ लावलंय तुम्ही, मला नाही."

त्याने कुलूप काढलं. तिने केसांतली पेन्सिल काढली आणि निळ्या चौकटीशेजारी, मोठ्या वाकड्या अक्षरांत, जपून लिहिलं: हे मी लिहिलेलं नाही. गडी फुकटचा. बर्नाडीन व्होइटाक.

"हे असंच उघडं राहील," ती म्हणाली. "जमत नसेल तर पाटी उतरवा."

"मला वर विचारावं लागेल."

"विचारा. मी माझ्या खुर्चीत आहे."

आणि ती जिने चढू लागली. मैदानात तिचं नाव दोनदा पुकारलं गेलं. पहिला बॉल शेवटी कुणा मोटारविक्याने टाकला, तोही जमिनीवर आपटला.

ती एकटी बसून लिहीत राहिली. मोहरी लावलेला सॉसेज पाव मांडीवर गार झाला. पाटी आठवून लेनर्डचा चेहरा डोळ्यांपुढे आला, की ती पेन्सिल जास्त दाबायची. दोनदा टोक मोडलं.

सातव्या डावात मार्लिन वर आली. एका हातात ती निळ्या चौकटीची वही, दुसऱ्या काखेत आपल्या कोटात गुंडाळलेलं काहीतरी जड. लेनर्डच्या रिकाम्या खुर्चीपलीकडे बसली. गुंडाळी त्या खुर्चीवर ठेवली. कोटाची घडी सरकली आणि पितळ चमकलं.

"वरचे नाही म्हणाले," मार्लिन म्हणाली. "उरलेल्या वह्या गाडीत ठेवल्यात. पाटीचे स्क्रू मीच काढले. दुसऱ्या कुणी काढलेले मला बघवले नसते."

बर्नाडीनने पाटीकडे पाहिलं.  मग आपला निळा कोट काढून पाटीवर घातला.

"हात कापलाय तुझा."

"थोडासा."

"रुमाल बांध. आणि हे धर." तिने चालू वही आणि पेन्सिल मुलीच्या मांडीवर ठेवली. "माझे डोळे दुखतात."

ते दुखत नव्हते, हे मार्लिनला माहीत होतं. ती लिहू लागली. आई मध्येच टपली मारायची. "तो तिसऱ्याकडे गेला, पहिल्याकडे नाही. दंतवैद्याकडे दात तरी बरोबर मोजतेस का?"

नऊ डाव संपले. तीन-तीन.

दहाव्यात पाहुण्यांचा फुकटचा गडी दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि उभाच राहिला. मग आपला. एक टोला उजवीकडे गेला, फुकटचा गडी धूळ उडवत घरी घुसला, आणि चाळीस हजार माणसं उठली. मार्लिनची पेन्सिल वहीवर थांबली.

"काय लिहू, मा?"

"जे झालं ते."

मार्लिनने पाटीवरच्या निळ्या कोटाकडे पाहिलं. मग टोला मारणाऱ्याच्या चौकटीत बारीक खूण केली. धावेची चौकट तिने कोरी सोडली.

पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून ओरडला, "अहो आजी, उठा! जिंकलो आपण!"

"तुम्ही जिंकलात," बर्नाडीन म्हणाली आणि गार झालेला पाव अर्धा मोडून मुलीला दिला. "आमचं अजून चाललंय."